बोरमाळचा पहिला पेला

गजा,

उद्या सकाळच्या मोटारीनं मला बोरमाळला जायचंय. तिथल्या विहिरीत पुन्हा एकदा औषध टाकायचं आहे. ते तूच ठरवलंस, पाटलांना शब्दही तूच दिलास. शब्द देऊन मोकळा झालास आणि निस्तरायला मला मागं ठेवलंस. तुझी जुनीच खोड ही! औषधाचा डबा भरून ठेवलाय. पितळी पेला चिंचेनं घासून लख्ख केलाय. तू असतास तर तो उन्हात धरून म्हणाला असतास, "मास्तर, बूड ऱ्हायलं बग." बूडही घासलंय रे बाबा.

विहिरीची मला भीती नाही. भीती आहे ती एका प्रश्नाची. मोटारीतून उतरल्याबरोबर कुणीतरी विचारणार, "आवं मास्तर, त्ये चष्म्याच्या दुकानातलं पोरगं कशानं गेलं?" पटकीनं गेला असं सांगितलं, तर बोरमाळची एक बाई त्या विहिरीत घागर बुडवणार नाही. पटकीवरचं औषध टाकणाराच पटकीनं मेला, तर त्या औषधावर विश्वास ठेवणार कोण? मग पुन्हा तो ओढा, पुन्हा ते घाण पाणी, आणि घरोघर पुन्हा तेच. ऊन लागून गेला असं सांगितलं, तर तुझ्याच मरणाबद्दल मी खोटं बोललो. काल आपल्या विज्ञान मंडळाच्या बैठकीत ऊन सांगायचं ठरलं. मीही मान हलवून आलोय. मान हलवायला काय जातं? तोंड उद्या उघडायचंय.

तुझी-माझी पहिली भेट आठवते का? कराडला संगमावर तू पोरं गोळा करून बसला होतास. दुकानातलं एक भिंग आणलं होतंस आणि वाळलेल्या पानावर ऊन पाडून ते पेटवून दाखवत होतास. मी हायस्कुलातला नवाकोरा शिक्षक. पोरांना शास्त्रीय कारण सांगावं म्हणून पुढं झालो आणि तोंड उघडणार, एवढ्यात तू वर न बघताच म्हणालास, "मास्तर, जरा सरका. ऊन आडतंय." सगळी पोरं हसली. मला असा राग आला म्हणतोस! त्या रागातच तुझ्याबरोबर मलकापूरपर्यंत चालत गेलो, भांडत भांडत. तुझ्या अक्कानं दोघांना भाकरी वाढली, आणि उठेपर्यंत आपलं तरुण विज्ञान मंडळ निघालंसुद्धा होतं.

मंडळ कसलं, आपण दोघं आणि हायस्कुलातून नुकती बाहेर पडलेली पाच-सहा पोरं. गावोगाव जायचं, भिंगातून डासांच्या अळ्या दाखवायच्या, पेल्याखाली मेणबत्ती कशी विझते ते दाखवायचं, ग्रहण कसं लागतं ते कंदील आणि नारळ घेऊन समजावायचं. लोक आपल्याला 'भिंगवाली पोरं' म्हणू लागले. तुला त्या नावाचा केवढा अभिमान! मला वाटायचं, एवढं 'विज्ञान' म्हणून भारदस्त नाव ठेवलं आणि लोक म्हणतात भिंगवाले. तू म्हणायचास, नाव आपण नसतं ठेवायचं, ते लोकांनी ठेवायचं असतं.

त्याच नावानं आपल्याला वाचवलं होतं. बेचाळीसनंतर आपल्या भागात चार तरुण एकत्र दिसले तरी पोलिसांचे कान टवकारायचे. त्यात आपल्याकडं बाटल्या, पुड्या, तारा! त्या फौजदारानं नाक्यावर आपला डबा उघडला तेव्हा माझी तर बोबडीच वळली होती. मी इंग्रजीत काहीतरी खुलासा करायला लागलो. तू मात्र शांतपणे त्याच्याच माठातलं पाणी वाटीत घेतलंस, भिंग त्याच्या हातात दिलंस आणि म्हणालास, "सायब, आदी हे बगा, मग आमास्नी आत टाका." त्यानं बघितलं. वळवळणाऱ्या अळ्या बघून त्याचं तोंड कसनुसं झालं आणि आपल्याला धरायचं राहिलं बाजूला, तो शिपायाला माठ घासायला लावून बसला. पुढं त्या नाक्यावर आपल्याला कुणी अडवलं नाही. "भिंगवाली हायत, जाऊ द्या," एवढंच.

तुझे नियम मात्र मला जाचायचे. कुणाला हसायचं नाही. देवळासमोर वाद घालायचा नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांगायचं, थाप मारायची नाही. विहिरीत औषध टाकलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेला मंडळाच्या पोरानं सगळ्यांच्या देखत प्यायचा, आणि हा मान पाळीपाळीनं घ्यायचा. आणि शेवटचा नियम, तुझा सगळ्यात लाडका: कुणाच्याही घरचं पाणी नाकारायचं नाही. पाटलाचं असो, धनगराचं असो, महारवाड्यातलं असो, हातात तांब्या आला की प्यायचं. कुठलं आहे म्हणून विचारायचंसुद्धा नाही.

यावरून आपण किती वेळा भांडलो असू! मी म्हणायचो, "अरे, आपण लोकांना पाणी गाळा, उकळा म्हणून सांगतो, आणि आपणच समजून-सवरून काहीही पितो? हे कसलं विज्ञान?" तू म्हणायचास, "दत्त्या, माणसाच्या दारात उभं राहून त्याचं पाणी कुटलं म्हनून इचारायचं म्हंजे त्याची जात इचारल्यावानी हाय. लोकांनी तुझं ग्रहन-बिहन कशाला ऐकावं? तू त्यांचं पाणी प्यालास म्हनून ऐकत्यात." मी म्हणायचो, ग्रहण मी पाणी प्यालो नाही तरी लागणारच आहे. "लागंल की," तू म्हणायचास, "पर तुझं ऐकायला कुनी येनार न्हाई." दर वेळी भांडण इथंच अडायचं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथूनच सुरू व्हायचं.

आता बोरमाळ.

विट्याच्या पुढं माळावर पटकी लागली असं कळलं, आणि आपल्याला औषध मिळालं, तेव्हा तू नुसता उड्या मारत होतास. मी घाबरलो होतो, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. सगळ्यांनी कॉलऱ्याची लस टोचून घेतली. टोचताना डॉक्टर म्हणाले, "टोचलं म्हणजे चिलखत घातलं असं समजू नका, सांभाळून राहा." ते ऐकून वसंताचा चेहरा पडला. वसंता म्हणजे सांगलीच्या वकिलांचा तो गोरा, अबोल मुलगा. त्याच्या आईनं शपथ घातली होती, घरून उकळून नेलेल्या पाण्याशिवाय बाहेरचा थेंब तोंडात घेणार नाहीस म्हणून. खांद्याला फिरकीचा तांब्या लावून आला होता. आपण त्याची किती थट्टा केली. तू तर म्हणालास, "वकिलाचं पोर अशील घेऊन आलंय."

संध्याकाळी औषध टाकलं. विहिरीचं पाणी जांभळं झालेलं बघून बायका काठावरून मागं सरल्या होत्या. तू त्यांना म्हणालास, "सकाळपत्तूर गुलाबी हुतंय बगा, आन् पयला पेला आमी पिनार." सकाळी सगळं गाव विहिरीवर. पाळी वसंताची. त्यानं पेला तोंडाला लावला, मान वर केली, पाणी ओठांवरून हनुवटीवर गेलं, सदरा भिजला, पेला रिकामा झाला. मलासुद्धा वाटलं, प्याला. घागरी विहिरीत सुटायला लागल्या. आणि एवढ्यात पाराच्या मागून एक बाई ओरडली.

पाराच्या मागं वसंता उकिडवा बसून आपल्या तांब्यातल्या पाण्यानं चुळा भरत होता आणि घटाघटा तेच पीत होता.

"आगं, हे बगा! ह्यो तर घरचं पितोय! आमास्नी इख पाजून सोता घरचं पितोय!"

गजा, मग सगळंच उलटलं. भरलेल्या घागरी तिथंच पालथ्या झाल्या. एकीनं लेकराच्या तोंडात बोटं घालून त्याला ओकायला लावलं. कुणीतरी काठ्या आणल्या. "कुनी धाडलं तुमास्नी? किती जनांस्नी मारायला आलाय?" आदल्या दिवशी ज्यांनी भिंगातून आपली बोटं बघून टाळ्या पिटल्या होत्या, त्याच माणसांनी आपल्याला चावडीत कोंडून घातलं. दाराबाहेर पोरं ओरडत होती, "इखवाली पोरं! इखवाली पोरं!" वसंता कोपऱ्यात तांब्या पाठीमागं लपवून बसला होता. आणि चावडीच्या खिडकीतून दिसत होतं, गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन ओढ्याकडं चालल्या होत्या. त्याच ओढ्यात आदल्या दिवशी मेलेल्यांची कापडं धुतली होती.

तू खिडकीतून ओरडून सांगितलंस, "आवं, मला आना पेला, मी पितो!" पाटलांनी आणायला लावला. तू एकामागून एक पेले रिचवलेस. कुणी हललं नाही. "आता काय, सोंग करत्यात," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, उतारा खाऊन आला असेल. बघ, तुझ्या नियमातला तो पहिला पेला फुकट गेला तो गेलाच. दुसरा, तिसरा कुणाला दिसतच नाही.

मग ऊन चढल्यावर बायजाआज्जी आली. घरात एकटी, मुलगा मेंढरं घेऊन लांब गेलेला. हातात पितळी तांब्या. राखणीला बसलेल्या गड्यांना म्हणाली, "मारायचं आसंल तर मागनं मारा. आदी पोरांस्नी पानी तरी पाजा. तोंडं बगा कशी सुकल्यात." दार उघडलं. तिनं तांब्या तुझ्यापुढं धरला. सगळं गाव दाराशी. तिच्या डोक्यावरची चुंबळ अजून ओली होती. ती ओढ्यावरूनच आली होती, हे तुलाही दिसत होतं, मलाही दिसत होतं.

मी तुझी बाही ओढली. तू माझ्याकडं एकदाच बघितलंस आणि हळूच म्हणालास, "गप." आणि तो तांब्या वरून न पिता, तोंडाला लावून, डोळे मिटून, तळापर्यंत प्यालास.

मग तोंड पुसलंस आणि म्हणालास, "आज्जे, तुज्या हातचं मी प्यालो. आता माज्या हातचं तू पी." पाटलांनी आणवलेलं विहिरीचं पाणी पेल्यात ओतून दिलंस. म्हातारीनं पेला हातात घेतला. मग म्हणाली, "पिते की, त्यात काय?" आणि प्याली. खरं सांगतो, त्या वेळी मला तुझा इतका अभिमान वाटला आणि इतकी भीती वाटली, की दोन्हींचं ओझं एकदमच अंगावर आलं. संध्याकाळपर्यंत बायका विहिरीवर परतल्या. ओढ्यातून भरलेल्या घागरी लोकांनी स्वतःच्या हातानं ओतून दिल्या.

परतताना त्या कोळशावर चालणाऱ्या मोटारीत, धुरानं डोळे चुरचुरत असताना, आपण पुन्हा भांडलो. "एवढं म्हणायला काय झालं होतं, की आज्जे, उकळून दे? नाहीतर, आज्जे, विहिरीचं दे?" तू म्हणालास, "आन् ती म्हनाली आसती, माज्या घरचं चालत न्हाई व्हय? सगळं गाव बगत व्हतं, दत्त्या. नको म्हटलं आसतं तर सांजच्याला सगळं गाव ओढ्याचं प्यालं आसतं." मी खिडकीबाहेर बघत बसलो. घरी जाऊन विचार करतो आणि उद्या याला बरोबर पकडतो, असं मनाशी म्हणालो होतो. तो उद्या तू मला दिलाच नाहीस.

तुझं दुखणं मी इथं लिहिणार नाही. जे बघितलं ते पुरे झालं. एवढंच लिहितो, की तुझ्या बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतलेल्या बाईसारखी सुरकुतली होती आणि त्या बोटांनी तू माझं मनगट धरलं होतंस. डॉक्टर मिठाचं पाणी शिरेतून चढवत होते. अक्का पायाशी बसून पाय चोळत होती. तू मला जवळ ओढलंस आणि म्हणालास, "आज्जीला सांगू नगंस." मी म्हणालो, नाही सांगत. आणि मग म्हणालास, "दुसरं औषध टाकायचं इसरू नगंस." त्यानंतर तू मला ओळखलं नाहीस.

मग अंथरूण जाळलं, घर धुतलं, गल्लीनं दारं लावून घेतली. खोटं कशाला बोलू, मीही भ्यालोय. पोटात जरा गुडगुडलं तरी अंगाला घाम फुटतो. पाणी तीन-तीनदा उकळतो. माठाकडं हात नेताना तू समोर येतोस. एकदा तर तुझ्यावर इतका संतापलो, की तांब्याच भिरकावला. काय गरज होती रे! अक्कानं मला विचारलं, "तू व्हतास न्हवं संगट?" होतो, अक्का. बाही ओढली होती. पण तुझा भाऊ कुणाचं ऐकणारा होता का?

बैठकीत पोरांनी वसंताचं नाव मंडळातून काढायचं म्हटलं. एक जण म्हणाला, ह्याच्यामुळं गजाभाऊ गेले. वसंता भिंतीकडं तोंड करून बसला होता. मला पहिल्यांदा वाटलं, काढाच. मग वाटलं, उकळलेलं पाणी प्यायला हा गुन्हा झाला का? विज्ञान सांगतं तेच तर त्यानं केलं. फक्त पाराच्या मागं लपून केलं. त्याला लपावंसं वाटलं ते आपल्याच नियमानं आणि आपल्याच थट्टेनं. हे तुला सांगितलं असतं तर तू खवळला असतास. खवळ बाबा, आता माझं काय वाकडं करणार आहेस? मी वसंताला एवढंच म्हणालो, बोरमाळला माझ्याबरोबर चल, आणि तुझा तांब्या घेऊन चल.

एवढं लिहून ठेवलं होतं. आता बोरमाळहून परत आलोय, आणि बाकीचं लिहितोय.

मोटार थांबली तेव्हा मी सगळ्यांच्या मागून उतरलो. वाटेत वसंताशेजारी बसून मी मनातल्या मनात घोकत होतो: ऊन लागलं, ऊन लागलं. विहिरीवर माणसं जमलीच होती. पाटील पुढं आले. म्हणाले, "तवापासनं गावात नवं कुनी पडलं न्हाई, मास्तर." आणि मग, जे व्हायचं तेच. "त्ये आपलं गजाचं आमाला मोटारवाल्याकडनं कळालं. कशानं गेला वो?"

मी तोंड उघडलं. 'ऊन' हा शब्द जिभेवर होता. आणि समोर तो घासलेला पेला दिसला, आणि तुझा नियम आठवला, थाप मारायची नाही. मी म्हणालो, "पटकीनं गेला."

माणसं अशी मागं सरली, की विहिरीचा काठ मोकळा झाला. एकीनं हातातली घागर खाली ठेवली. कुणीतरी म्हणालं, "म्हंजे आमी पितुय त्ये...?" मी घाईघाईनं म्हणालो, "नाही, विहिरीचं नाही. या पाण्यानं नाही. देवाशपथ." तर तोच माणूस म्हणाला, "मग कुटलं? आमच्याच गावात प्यालं न्हवं त्ये पोरगं?"

इथं मात्र मी अडकलो, गजा. तुला शब्द दिला होता. बायजाआज्जी समोर उभी होती. मी मातीकडं बघत राहिलो. कुटलं, मास्तर? बोला की! आवाज चढायला लागले. मला त्या चावडीची कोंदट हवा पुन्हा नाकात आल्यासारखी वाटली. सांगितलं तर म्हातारीच्या डोक्यावर तुझं मरण येतंय, नाही सांगितलं तर सगळं गाव ओढ्यावर जातंय. आणि तू, लेका, मोकळा!

"त्याला काय इचारताय?" म्हातारी म्हणाली. "माज्या घरचं प्यालं पोरगं. ओढ्याचं."

तीच पुढं म्हणाली, "मोटारवाल्यानं सांगितलं तवाच मला कळालं. मी बी त्येच प्याले की रं आदी. मला म्हातारीला काय झालं न्हाई आन् ते तरनंताठं गेलं." मग माझ्याकडं वळली. मला वाटलं रडेल. ती रागावली होती, गजा. तुझ्यावर. "त्याला ठावं व्हतं न्हवं?"

मी मान हलवली.

"मग नगं का म्हनाला न्हाई? आज्जे, ह्ये पानी नगं, एवढं म्हनायला काय तोंड दुकत व्हतं?"

मी कसाबसा म्हणालो, "तुम्हाला राग येईल म्हणून, आज्जी. तुमच्या घरचं नाकारलं असं वाटेल म्हणून."

"आला आसता की राग! आला आसता. चार शिव्या बी घातल्या आसत्या. सांजच्याला उतरला आसता तो. राग उतरतो रं, लेकरा. ह्ये आता कवा उतरायचं?"

आपण मोटारीत टाकून दिलेल्या भांडणाचं उत्तर मी किती दिवस शोधत होतो. ते तिच्याजवळ होतं. मी तिथंच विहिरीच्या काठावर बसलो आणि पोरासारखा रडलो. कुणी समजूत काढली नाही. बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

औषध टाकलं. सकाळी पहिला पेला वसंतानं घेतला. त्याच्या खांद्याला तो तांब्या होताच. एका गड्यानं विचारलं, "त्यात काय हाय रं?" वसंता म्हणाला, "उकळलेलं पाणी. घरून आणलंय." "मग त्या दिशी लपून का प्यालास?" वसंतानं खाली बघितलं आणि म्हणाला, "भ्यालो." मग तो गडी म्हणाला, "मग भ्यालो म्हनायचं की गड्या! आमी बी भ्यालोच व्हतो. उगं लपून आमचा बी जीव घाबरा केलास." लोक हसले. वसंतानं पेला भरला, सगळ्यांकडं बघून प्याला, निम्मा खरंच सांडला, पण हात थरथरत होता म्हणून सांडला, आणि सगळ्यांना ते दिसलं. घागरी विहिरीत सुटल्या.

निघताना बायजाआज्जीच्या दारावरून जावं लागतं. ती उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी होती. तोच पितळी तांब्या. "पानी पिऊन जा," म्हणाली. वसंता माझ्याकडं बघायला लागला. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. तांब्या हातात घेतला. पाणी स्वच्छ दिसत होतं. तेव्हाही स्वच्छच दिसत होतं. तुझ्यासारखं डोळे मिटून पिऊन टाकावं, असं एकदा मनात आलं. तुझा नियम, तुझी आठवण, सगळं गाव बघतंय.

मी म्हणालो, "आज्जी, कुठलं पाणी हे?"

तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला, वर धरला, आधी स्वतः दोन घोट प्याली आणि परत माझ्या हातात दिला. "हिरीचं. काल सांजच्याला उकळलंय बी," म्हणाली. "आन् आसंच इचारत जा, जाशील तितं."

गजा, मी विचारलं रे. आणि तिला राग आला नाही.